शिलकी अंदाजपत्रक आणि हद्दीबाहेरचे वर्धा

फेब्रुवारी महिना आला की जिल्ह्याच्या वृत्तपत्रांतून एक ठराविक मथळा वाचावयास मिळतो. अमुक नगरपरिषदेने इतक्या लाखांचे शिलकी अंदाजपत्रक मंजूर केले, करवाढ नाही. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी (रेल्वे) अशी गावांची नावे बदलतात, आकडे बदलतात. ‘शिलकी’ हा शब्द तेवढा जागचा हलत नाही. वाचक समाधानाने पान उलटतो. तासाभराने तोच वाचक कचेरीस निघतो, तेव्हा कोपऱ्यावरची तुंबलेली नाली ओलांडूनच त्याला जावे लागते. सकाळचा मथळा आणि ही नाली यांचा काही संबंध असेल, असे त्याच्या मनात येत नाही.

शिल्लक म्हणजे काय, हे शिक्षकाला वा कारकुनाला कोणी शिकवावयास नको. घरखर्चात शिल्लक पडते ती कशाला तरी नाही म्हटल्यामुळे पडते. छपराची दुरुस्ती पुढच्या उन्हाळ्यावर ढकलली जाते, मुलाची सायकल दिवाळीवर. नगरपरिषदेच्या शिलकीचा उगम निराळा आहे. अंदाजपत्रकाच्या पहिल्याच ओळीत ‘आरंभीची शिल्लक’ लिहिलेली असते आणि तिच्यात निरनिराळ्या योजनांखाली आलेली, पण वर्षभरात खर्ची न पडलेली अनुदाने असतात. प्रत्येक रकमेच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधलेली असते. ही रक्कम दलित वस्तीतील रस्त्यासाठी, ही घनकचऱ्यासाठी, ही अमुक योजनेतील तमुक कामासाठी. पैसा खात्यात आहे, परंतु दुसऱ्या कामासाठी त्याला हात लावता येत नाही. आणि ज्या कामासाठी तो आला ते काम जागेअभावी, निविदेअभावी अथवा मंजुरीअभावी अडलेले असते. तेव्हा शिलकी अंदाजपत्रक हे पुष्कळदा काटकसरीचे लक्षण नसून न झालेल्या कामांची ती बेरीज असते.

अंदाजपत्रकाविषयी आपल्याकडे जी थोडीफार चर्चा होते ती पैशाभोवती फिरते. मिळाले किती, खर्चले किती, कोणाच्या प्रभागात गेले. वर्ध्यासारख्या शहराची खरी अडचण मात्र पैशाच्या अगोदर सुरू होते. हे अंदाजपत्रक ज्या शहरासाठी तयार होते ते शहर आणि प्रत्यक्षात माणसे ज्या शहरात राहतात ते शहर, ही दोन आता एक राहिलेली नाहीत. कर देऊ शकणारा बराचसा वर्ग हद्दीबाहेर गेला आहे. घर मागणारा हद्दीत राहिला आहे, पण त्याच्या पायाखालची जमीन त्याची नाही. या दोन गोष्टींची नोंद अंदाजपत्रकाच्या पुस्तकात कोठेही सापडत नाही.

जकात गेली, नाका उरला

वर्ध्याची नगरपालिका १८७४ सालची. एकोणिसाव्या शतकातील इतर नगरपालिकांप्रमाणे तिच्या उत्पन्नाचा कणा म्हणजे जकात. गावात येणाऱ्या मालावर नाक्यावर कर घ्यावयाचा आणि त्यातून दिवाबत्ती, झाडलोट, शाळा चालवावयाच्या. जकातीचे दोष सर्वश्रुत होते. नाक्यावरची वाट अडवणूक, हिशेबातील गळती, व्यापाऱ्यांचा त्रागा, हे सारे खरे. परंतु तिच्यात एक गुण होता. ती रोज येत असे, आणि ती आपली असे. कापसाच्या हंगामात बाजार तेजीत असला की नगरपालिकेचीही तिजोरी भरत असे. गावाच्या भरभराटीचा आणि गावाच्या सोयींचा असा सरळ धागा होता.

१९९९ साली महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या क्षेत्रातील जकात रद्द झाली. तिच्या जागी राज्य शासनाचे सहायक अनुदान आले आणि त्याचा मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या पगारात जातो. वर्ध्यात ‘आर्वी नाका’ हे नाव अजून सर्वांच्या तोंडी आहे. नाक्यांची नावे तेवढी उरली.

आता नगरपरिषदेच्या हाती स्वतःचे म्हणून जे उत्पन्न उरले ते मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि किरकोळ फी एवढेच. यांतील मालमत्ता कर सर्वांत महत्त्वाचा. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार दर चार वर्षांनी आकारणी यादी नव्याने करावयाची असते. ही चतुर्थ वार्षिक फेरआकारणी म्हणजे नगरपरिषदेच्या आयुष्यातील सर्वांत अप्रिय प्रसंग. हरकती येतात, मोर्चे निघतात, आणि निवडणूक जवळ असली तर यादी बासनात जाते. परिणामी जुन्या पडीक घराचा आणि त्याच ओळीतील नव्या तीन मजली इमारतीचा कर यांत जेवढे अंतर असावयास हवे तेवढे राहत नाही. ‘करवाढ नाही’ या घोषणेचा लाभ त्या इमारतीच्या मालकाला अधिक होतो, झोपडीवाल्याला नाही. परंतु टाळ्या दोघेही वाजवितात.

बाकीचा पैसा वरून येतो, आणि येताना आपला क्रम ठरवूनच येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी वर्ध्याच्या वर्गातील शहरांना जे अनुदान दिले त्यातील साठ टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेली होती. या दोन गोष्टी महत्त्वाच्या नाहीत असे कोण म्हणेल? शिवाय आयोगाने एक शहाणपणाची अटही घातली: मालमत्ता कराचे किमान दर ठरवा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढवा. आपल्या पायावर उभे राहा, असा तो इशारा होता. याखेरीज महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी ठराविक टक्के राखून ठेवावे लागतात, तेही योग्यच. परंतु हे सर्व वजा केल्यावर सभागृहाने स्वतः विचार करून ठरवावे असे किती उरते? रिझर्व्ह बँकेने २०२२ साली महापालिकांच्या वित्तव्यवस्थेवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार आपल्या देशात महापालिकांचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का एवढेच आहे. ब्राझीलमध्ये हे प्रमाण सात टक्क्यांहून अधिक, दक्षिण आफ्रिकेत सहा टक्के. हा हिशेब मोठ्या महापालिकांचा आहे. जिल्ह्याच्या गावातील नगरपरिषदेची ऐपत त्यावरून ताडावी.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय लिहून ठेवले. नगररचना, झोपडपट्टी सुधारणा, गरिबी निर्मूलन हे सारे त्यांत आहे. विषय दिले, पण विषयामागचा पैसा आणि विषयाखालची जमीन मुंबईतच राहिली.

आकसलेले शहर

वर्धा हे आपोआप वाढलेले गाव नव्हे. जिल्हा झाला १८६२ साली. मुख्यालय प्रथम पुलगावजवळच्या कवठ्यास होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी हे शहर आखून वसविण्यात आले. सरळ रस्ते, मोकळे चौक, बाजाराची निश्चित जागा. म्हणजे या शहराचा जन्मच मुळी नकाशावर झाला. अशा शहराने आपल्या हद्दीच्या रेषेपुढे हतबल व्हावे यात काहीसा दैवदुर्विलास आहे.

शिरगणतीचे आकडे पाहावेत. २००१ साली वर्धा शहराची लोकसंख्या सुमारे एक लाख अकरा हजार होती. २०११ साली ती एक लाख सहा हजार चारशेच्या घरात आली. दहा वर्षांत शहर वाढले नाही, घटले. याच काळात जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख छत्तीस हजारांवरून तेरा लाखांवर गेली आणि हिंगणघाट ब्याण्णव हजारांवरून लाखाच्या पुढे सरकले. वर्ध्यात तर कोणती साथ आली नव्हती. महाविद्यालये वाढत होती, दवाखाने उभे राहत होते. मग माणसे गेली कोठे?

फार दूर गेली नाहीत. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), उमरी (मेघे), नालवाडी, म्हसाळा. शहराला लागून असलेल्या या गावांत शेतजमिनी अकृषक झाल्या, ले-आऊट पडले, आणि शहरात ज्या शिक्षकाला वा कारकुनाला दोन खोल्यांपुरती जागा परवडत नव्हती त्याने येथे भूखंड घेऊन घर बांधले. सोसायटीचे कर्ज काढले, पेन्शनीचा पैसा घातला, पण घर स्वतःचे झाले. या लेखाचे वाचक पुष्कळ संख्येने अशाच घरांत राहत असतील, आणि त्यांनी यात काही वावगे केले असे कोणी म्हणणार नाही. घर बांधणे हा अपराध नव्हे.

परंतु हिशेब लक्षात घ्यावा. हा वर्ग सकाळी शहरात येतो, शहराच्या रस्त्याने जातो, शहराच्या बाजारात भाजी घेतो, मुलांना शहरातील शाळेत सोडतो, आणि कर मात्र ग्रामपंचायतीत भरतो. नगरपरिषदेच्या दप्तरी तो नाही. वित्त आयोगाचे अनुदान वाटले गेले ते मुख्यतः २०११ च्या लोकसंख्येवर, म्हणजे नेमके ज्या शिरगणतीत शहर आकसलेले दिसले तिच्याच आधारे. त्यानंतरची शिरगणती लांबत गेली. रस्ता दोन लाख लोक वापरोत की तीन लाख, अनुदान एक लाख सहा हजारांचे.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्या गावांचेही सुख पुरते नाही. शिरगणतीच्या भाषेत यांतील काही गावे ‘नगरे’ आहेत, कायद्याच्या भाषेत खेडी. ग्रामपंचायतीची यंत्रणा पाच-सहाशे उंबऱ्यांच्या गावासाठी कल्पिलेली. तिच्यावर एका उपनगराचा कचरा, सांडपाणी आणि पथदिवे येऊन पडले. ज्यांनी पावसाळ्यात ले-आऊटमधील काळ्या मातीच्या रस्त्यावर चप्पल हातात घेऊन चालण्याचा अनुभव घेतला आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. पाणी तर दोघांचेही एकाच धाम नदीचे.

हद्दवाढ हा यावरचा उघड उपाय म्हणून वर्षानुवर्षे बोलला जातो. त्यास गावांतून होणारा विरोध निव्वळ सरपंचपदाच्या मोहातून होतो असे मानणे अन्यायाचे ठरेल. हद्दीत गेल्यावर कर वाढेल हे निश्चित असते. सोयी वाढतील हे निश्चित नसते. शहराच्या आतल्याच वस्त्यांची स्थिती रोज डोळ्यांसमोर असताना कोणी विश्वास ठेवावा? नगरपरिषदेने प्रथम आतले घर नीट करून दाखवावे, मग पाहुण्यांना बोलवावे, ही गावकऱ्यांची भावना समजण्यासारखी आहे. आणि आतले घर म्हणजे शब्दशः घराचाच प्रश्न आहे.

पावती आहे, पट्टा नाही

पुलफैल, तारफैल, स्टेशनफैल ही नावे वर्धेकरांना परकी नाहीत. समजा, अशा एखाद्या वस्तीत राहणारा एक हमाल आहे. बापाने उभारलेले मातीच्या भिंतींचे व टिनाच्या छपराचे घर. नगरपरिषदेने त्याला मालमत्ता कर लावला आहे आणि तो वर्षानुवर्षे भरतो आहे. नळ आहे, विजेचे मीटर आहे, मतदार यादीत नाव आहे. सर्व पावत्या तो पिशवीत जपून ठेवतो. पक्क्या घरासाठी अर्ज करावयास तो नगरपरिषदेत जातो तेव्हा त्याला सांगितले जाते की कराची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, पट्टा आणा.

प्रधानमंत्री आवास योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली. लहान शहरांत तिचा जो घटक मुख्यतः राबविला गेला त्यात लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधावयाचे, आणि केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने त्याला मिळावयाचे. सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा आला, तोही याच धर्तीवर. यातील ‘स्वतःच्या जागेवर’ हे दोन शब्द सर्व गोष्ट ठरवितात. ज्याच्याजवळ जागा आहे त्याला घर मिळते. ज्याच्याजवळ जागाच नाही, म्हणजे जो सर्वांत गरीब, तो रांगेच्या बाहेर. रमाई आवास योजनेतही जागेचा हाच अडसर उभा राहतो.

ज्याच्याजवळ जागा आहे त्याचेही गणित कठीण आहे. योजनेतील घर साधारण तीस चौरस मीटरचे, म्हणजे तीनशे तेवीस चौरस फुटांचे. अडीच लाखांना भागल्यास चौरस फुटामागे पावणेआठशे रुपये पडतात. एवढ्यात घर बांधून देणारा गवंडी आज वर्धा जिल्ह्यात कोणास भेटला तर त्याचा पत्ता सर्वांना कळवावा. उरलेली रक्कम कर्जाने उभी करावी लागते. शिवाय जुने घर पाडल्याखेरीज नवे सुरू होत नाही, पाया भरल्याखेरीज पुढचा हप्ता येत नाही, आणि हप्ता लांबला तर भाड्याच्या खोलीचे भाडे थांबत नाही. (याच वर्ध्यात सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने स्थानिक माती व कौलांच्या कमानी वापरून स्वस्त घरांचे प्रयोग अनेक वर्षे केले. शासकीय आवास योजनांच्या ठराविक नकाशांना त्यांची आठवण क्वचितच होते.)

तर मूळ प्रश्न जमिनीचा. शहरातील पुष्कळ वस्त्या नझूलच्या, म्हणजे महसूल खात्याच्या ताब्यातील सरकारी जमिनीवर आहेत, काही रेल्वेच्या जागेलगत, काही नगरपरिषदेच्या स्वतःच्या. रेल्वेच्या जागेचा निर्णय दिल्लीत होतो. नझूलचा जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मुंबईत. सरकारी जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे काही अटींवर नियमित करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१८ मध्ये घेतला. निर्णय चांगला होता. परंतु पट्टा देण्यासाठी मोजणी हवी, मोजणीसाठी भूमिअभिलेख खात्याचा माणूस हवा, त्या खात्याचे शुल्क कोणी तरी भरावयास हवे, आणि नकाशावर रस्त्याचे किंवा मैदानाचे आरक्षण निघाले तर ते हलवावयास हवे. यांतील एकेक पायरी महिनोन्‌महिने घेते. घरासाठी केंद्राचे लाखो रुपये येऊ शकतात, पण मोजणीच्या काही हजारांची तरतूद वेळेवर नसेल तर ते लाख येत नाहीत. अंदाजपत्रकात ‘मोजणी व पट्टेवाटप’ असा स्वतंत्र शीर्ष आणि त्यापुढे एक ठळक रक्कम असणे हे दहा नव्या कमानी उभारण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. जागेच्या हक्काचा हा घोळ केवळ गरिबांपुरता आहे असेही नाही. रामनगरातील भाडेपट्ट्यांचा प्रश्न किती काळ चर्चेत राहिला हे वर्धेकर जाणतात. फरक एवढाच की तेथील भाडेपट्टाधारकांना निवेदन लिहिता येते.

विकास आराखड्याची कथा याहून कमी माहीत आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली आराखड्यात शाळा, मैदाने, बाजार, घरे यांसाठी खाजगी जमिनी आरक्षित केल्या जातात. दहा वर्षांत ती जमीन घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते आणि जमीन मोकळी होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढविला, तो शेतकऱ्यांच्या दृष्टीने न्याय्यच होता. परंतु त्यामुळे लहान नगरपरिषदेला जमीन घेणे अधिकच अवघड झाले. म्हणजे संपादनाच्या शीर्षापुढे नाममात्र तरतूद धरून सभागृह दरवर्षी ‘शिल्लक’ दाखविते, तेव्हा त्या प्रत्येक वर्षी शहराच्या नकाशावरचे एखादे मैदान किंवा घरांची जागा नाहीशी होण्याच्या मार्गावर असते. याचा ठराव होत नाही, बातमी होत नाही. मोठ्या महापालिकांत मोठा ले-आऊट पाडताना काही भाग अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचे बंधन आहे; दहा लाखांखालील शहरांना ते लागू नाही. वर्ध्याच्या हद्दीत वा हद्दीबाहेर ले-आऊट पाडणाऱ्यावर तशी कोणतीही जबाबदारी नाही.

हिंगणघाटात याच प्रश्नाला पाण्याची बाजू आहे. जुलै २०२२ मध्ये वणा नदीला पूर आला आणि सखल वस्त्यांतून पाणी शिरले. पूररेषेच्या आत घर बांधावयास परवानगी देता येत नाही, आणि बाहेर जागा द्यावयास नगरपरिषदेजवळ जागा नाही. पुराच्या वर्षी पंचनामे झाले, मदत वाटली गेली, माणसे परत त्याच ओट्यावर राहावयास गेली. दुसरीकडे जाणार कोठे?

सभा कोणाची?

या सर्व गोष्टी ज्या सभेत मांडल्या जावयास हव्यात ती अर्थसंकल्पाची विशेष सभा. पण मध्यंतरी सभाच नव्हती. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या सभागृहाची मुदत पाच वर्षांनी संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या न्यायालयीन वादात पुढची निवडणूक अडकली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. मधली सुमारे चार वर्षे प्रशासकाने अंदाजपत्रक तयार केले आणि प्रशासकानेच ते मंजूर केले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असे घटना सांगते. ती चार वर्षे तशीच गेली, आणि खेदाची गोष्ट अशी की शहरात त्याची फारशी उणीव कोणास भासली नाही. काही जण तर म्हणाले की बरे झाले, भांडणे थांबली. लोकनियुक्त सभागृहाविषयी सुशिक्षितांच्या मनात अशी उदासीनता असावी, याचे कारण सभागृहाने काय ठरविले हे त्यांना कधी कळलेच नाही हे तर नव्हे?

येथे एक विसंगती नमूद केली पाहिजे. पिपरी (मेघे) किंवा नालवाडीस राहणाऱ्या कारकुनाला वर्षातून किमान चार वेळा ग्रामसभेत जाऊन पंचायतीच्या खर्चाचा जाब विचारण्याचा कायदेशीर अधिकार आहे. तो जात नाही ही गोष्ट वेगळी. परंतु त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, हद्दीच्या आत राहणाऱ्या हमालाला असा अधिकार व्यवहारात नाही. २००९ मध्ये महाराष्ट्राने नगरपरिषद कायद्यात दुरुस्ती करून ‘क्षेत्रसभा’ आणली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांनी एकत्र बसून आपल्या गरजांचा क्रम लावावा अशी ती कल्पना. ग्रामसभेला जसे दिनदर्शिकेत स्थान मिळाले, तसे क्षेत्रसभेला मिळाले नाही.

हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. केरळने १९९६ साली लोकयोजना मोहीम सुरू करून योजनाखर्चाचा पस्तीस ते चाळीस टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपविला आणि तो कसा खर्चावा याची चर्चा ग्रामसभा-प्रभागसभांतून घडवून आणली. त्याआधी, १९८९ मध्ये, ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने वस्तीवस्तीतील सभांतून अंदाजपत्रक ठरविण्याची पद्धत घातली. आपल्याकडे पुण्याने २००६ पासून नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची प्रथा पाडली. पुण्याच्या प्रयोगाचा एक दोष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अर्ज भरणारा वर्ग अर्थातच लिहितावाचता. त्यामुळे त्याची मागणी बाक, पदपथ आणि दिवे यांची. वस्तीतील माणसाने अर्ज भरावा अशी अपेक्षा ठेवली तर पुन्हा त्याच रांगेत तो मागे पडेल.

म्हणून वर्ध्यात नुसता ‘सूचना मागविण्यात येत आहेत’ असा फलक लावून भागणार नाही. अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी तीन कागद प्रत्येक प्रभागात वाचून दाखवावेत, एवढीच मागणी येथे करावयाची आहे. पहिला, मालमत्ता कराच्या मोठ्या थकबाकीदारांची यादी. लहान थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजविण्याची आवश्यकता नाही. दुसरा, नगरपरिषदेच्या मालकीच्या मोकळ्या जागा आणि ज्यांची दहा वर्षे भरत आली आहेत अशी आरक्षणे. तिसरा, घरासाठी आलेल्या अर्जांपैकी नाकारलेल्या अर्जांची संख्या, कारणांसह आणि वस्तीनिहाय. किती घरे मंजूर झाली हे शासन मोठ्या फलकावर सांगतेच. किती परत पाठविली आणि त्यांपैकी किती केवळ पट्ट्याअभावी, हा आकडा कोठेच छापला जात नाही. तो छापला गेला तर मोजणीसाठी किती पैसे धरावेत हे ठरविण्यास सभागृहाला पाच मिनिटे पुरतील.

हद्दीबाहेरच्या गावांचे काय? हद्दवाढ होईल तेव्हा होईल. तोपर्यंत पाणी आणि कचरा या दोन गोष्टींपुरती तरी नगरपरिषद व लगतच्या ग्रामपंचायती यांची संयुक्त व्यवस्था होण्यास अडचण नसावी. कचऱ्याला हद्द कळत नाही आणि धाम नदीलाही ती ठाऊक नाही. जिल्हा नियोजन समितीत ग्रामीण आणि नागरी दोन्ही भागांचे निवडून आलेले प्रतिनिधी घटनेनेच एकत्र बसविले आहेत. त्यांनी निधीवाटपाखेरीज हा विषयही घ्यावा. खर्चाची वाटणी लोकसंख्येवर करावी की पाण्याच्या मापावर, यावर वाद होईल. २०११ चे आकडे धरावेत, की घरांची प्रत्यक्ष मोजणी करावी, यावर तर नक्कीच होईल. आणि त्या मोजणीत पिपरीचा कारकून व पुलफैलातील हमाल प्रथमच एका यादीत येतील.